दुपारी दोन ते चार

रुपराव टेंभुर्णे खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झाले तेव्हा त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला होता. बत्तीस वर्षं त्यांनी कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर काढली. पट्टा सुरू झाला की बाजूला उभ्या माणसाशीही हातवारे करूनच बोलावं लागे. उजवा कान मात्र शाबूत राहिला होता. पुढची काही वर्षं रुपराव त्या एका कानावर जगले असं म्हटलं तरी चालेल.

कॉलनीतलं क्वार्टर सोडून ते बायकोसह नागपूरच्या महाल भागात राहायला आले. दोन खोल्या, पुढे ओटा, गल्ली इतकी अरुंद की मोटारसायकल आली तर माणसाने भिंतीला चिकटून उभं राहावं. बायकोचं नाव तुळसाबाई. मुलगा पियुष पुण्याला नोकरीत. मुलगी दामिनी नागपुरातच होती, पण तिचं नाव घरात कुणी काढत नसे.

त्याला कारण होतं. रविंद्र भोयर हा रुपरावांचा त्याच शिफ्टमधला जिवलग. डब्यातली भाजीसुद्धा अर्धी अर्धी करून खायचे दोघं. त्याचा मुलगा रोशन आणि आपली दामिनी यांचं लग्न दोघा मित्रांनीच ठरवलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्नाला नऊ दिवस उरले असताना दामिनी बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मले हे लग्न नाही करायचं."

"आता? आता सांगून राहिली तू?"

"मी तीनदा सांगतलं होतं. तुम्ही ऐकलंच नाही."

रोशनमध्ये काही खोट नव्हती, आणि दामिनीनेही ती काढली नाही. तिला इतक्यात लग्नच करायचं नव्हतं, एवढंच. पण रुपरावांच्या डोळ्यांसमोर फक्त भोयरचं तोंड होतं. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आजपासून या घरात तुहा आवाज मले ऐकू आला नाही पाह्यजे."

तसं पाहिलं तर रागातलं बोलणं होतं ते. चार दिवसांनी विरूनही गेलं असतं. पण दामिनी त्यांचीच मुलगी. संध्याकाळच्या आत तिने एक बॅग भरली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. रुपराव हात जोडून भोयरच्या दारात गेले. भोयरच्या बायकोने दार लावून घेतलं. त्या दिवसापासून मित्रही गेला.

दोन वर्षं अशीच गेली. एके दिवशी रुपराव गल्लीच्या तोंडावरच्या सलूनमध्ये दाढी करायला बसले होते. अर्ध्या गालाला फेस, गळ्याशी वस्तरा, आणि फळीवरच्या रेडिओतून आवाज आला, "नमस्कार नागपूर! दोन वाजलेत, ऊन मी म्हणून राहिलं आहे, आणि तुमच्यासोबत आहे दामिनी." पाठोपाठ हसू. ते हसू त्यांनी ती पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं.

"हे पोरगी मस्त बोलते काका," सलूनवाला म्हणाला. "रोज असते, दोन ते चार."

रुपरावांना हलता येईना. वस्तरा गळ्यावर होता म्हणून नव्हे.

घरी आल्यावर त्यांनी आपल्या बटणाच्या मोबाईलचा जुना डबा शोधला. त्यात न उघडलेली कानात घालायची वायर होती. ती मोबाईलला जोडल्याशिवाय त्यातला रेडिओ लागत नसे, कारण ती वायरच त्याची एरियल होती. रुपरावांनी तिचं एक टोक उजव्या कानात घातलं, बटण दाबत दाबत ते स्टेशन गाठलं, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"काय ऐकून राहिले?" तुळसाबाईंनी विचारलं.

"भजनं," ते म्हणाले.

मग ते रोजचंच झालं. दोनला पाच कमी असताना वायर कानात, चार वाजले की काढून उशाखाली. घरात तिचा आवाज येऊ द्यायचा नाही असं त्यांनी म्हटलं होतं, आणि तो घरात येतही नव्हता. फक्त त्यांच्या कानात येत होता. एवढ्यावर ते स्वतःची समजूत घालत.

एकदा त्यांनी तुळसाबाईंना सांगायचं ठरवलंही होतं. पण सांगायचं म्हणजे आपण चुकलो हे सांगायचं. मग ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

त्या दोन तासांत रुपरावांना मुलीची सगळी खबर कळत असे. तिला चष्मा लागला हे त्यांना रेडिओवरून कळलं. तिच्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीत कबुतराने अंडी घातली आणि ती पंधरा दिवस खिडकी लावत नव्हती हेही. तिचा भात करपतो. अंबाझरी तलावावर फिरायला गेली की ती मक्याचं कणीस खाते. एका हिवाळ्यात चार दिवस तिचा आवाज बसलेला होता. बोलता बोलता खोकला येई आणि ती घाईने गाणं लावी. ते चारही दिवस रुपरावांनी तुळसाबाईंना आलं, गवती चहा घालून काढा करायला लावला.

"तुमाले तर काही झालं नाही," तुळसाबाई म्हणाल्या.

"घसा धरला आहे," असं म्हणून त्यांनी तो कडू काढा पेलाभर स्वतः पिऊन टाकला. दुसरं काय करणार?

अशी पाच वर्षं गेली. यंदाच्या मे महिन्यात, कुलरमध्ये पाणी भरताना रुपराव वाकले आणि सदऱ्याच्या खिशातला मोबाईल कुलरच्या टाकीत पडला. ताबडतोब काढला, पुसला, दोन दिवस तांदळात ठेवला. पण तो काही जिवंत झाला नाही. तुळसाबाईंनी पियुषला फोन करून सांगितलं, आणि चौथ्या दिवशी पुण्याहून नवा मोबाईल घरपोच आला. पातळ, काळाभोर, आरशासारखा चकचकीत.

"पोरानं किती भारी पाठवला!" तुळसाबाई म्हणाल्या.

रुपरावांनी तो हातात घेतला आणि आधी वायरचं भोक शोधलं. सगळ्या कडांवरून बोट फिरवलं. भोकच नव्हतं. मग पडद्यावरची चित्रं एकेक करून उघडली. बँक होती, नकाशा होता, जगभरचं हवामान होतं. रेडिओ कुठेच नव्हता. पियुषला विचारलं तर तो हसला. "बाबा, रेडिओ आजकाल कोण ऐकते? तुम्हाला भजनंच पाहिजे ना, यूट्यूबवर वाट्टेल तेवढी आहेत. थांबा, लिंक पाठवतो." पियुषला यापेक्षा जास्त सांगणं रुपरावांना शक्य नव्हतं.

ते सलूनमध्ये जाऊन बसले. पण आता तिथे सलूनवाल्याच्या मोबाईलला जोडलेला स्पीकरचा डबा वाजत होता, आणि त्यात नुसती गाणी. तीन दिवस त्यांनी वाट पाहिली. कशाची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चौथ्या दिवशी भर दुपारी ते बसने सदरच्या बाजारात गेले. एका मोबाईलच्या दुकानात काउंटरवर पिंकी नावाची मुलगी होती. नाव तिच्या गळ्यातल्या कार्डावर लिहिलेलं होतं.

"बेटा, याच्यात रेडिओ कसा लावायचा?"

तिने मोबाईल उलटसुलट करून पाहिला. "काका, ह्यात नाही लागत."

"काहून? हवेतून फोन येते, इंटरनेट येते, मग रेडिओचा आवाज काहून नाही येत?"

प्रश्न तिला आवडला असावा, कारण तिने नीट उत्तर दिलं. "रेडिओ पकडायची चिप वेगळी असते काका. कितीतरी मोबाईलमध्ये ती आतमध्ये असतेही, पण कंपनी ती चालूच करत नाही. आणि तुमच्या ह्याला तर इअरफोनची पिनच नाही. मग एरियल कुठून येणार? बिनवायरचे इअरफोन घेतले तरी एरियलचं काम ते नाही करत. थांबा, त्या स्टेशनचं ॲप टाकून पाहू." तिने ॲप टाकलं, बटण दाबलं. गाणं वाजलं आणि मग एक पुरुषी आवाज मुंबईतल्या ट्रॅफिकबद्दल बोलू लागला. "हे त्यांचं मुंबईचं आहे. नागपूरचं यावर दिसत नाही."

"मले नागपूरचंच पाह्यजे."

"मग साधा रेडिओ घ्या ना काका. किंवा बटणाचा मोबाईल."

साधा रेडिओ घरी नेला तर तो तुळसाबाईंसमोर बोलणार होता. पाच वर्षांचं खोटं उघडं पडणार होतं. रुपरावांनी मान हलवली आणि बटणाचा मोबाईल मागितला. रेडिओवाला मॉडेल संपला होता. "आठ दिवसांनी या, मागवून ठेवते," ती म्हणाली.

त्या उन्हात परत येताना त्यांना लू लागली. गल्लीत शिरता शिरता त्यांनी भिंत धरली. पुढचे दहा दिवस अंथरुणात गेले. तुळसाबाई कैरीचं पन्हं पाजत, तळपायाला कांदा चोळत. तापात रुपराव मधेच डोळे उघडून किती वाजले विचारत, आणि दोन वाजून गेले म्हटलं की भिंतीकडे वळत.

ताप उतरून दोन दिवस झाले होते. सकाळची वेळ होती. ओट्यावर कुणीतरी चप्पल काढली आणि दारात येऊन थांबलं. रविंद्र भोयर. सात वर्षांत केस पांढरे झालेले, हातात काठी.

तुळसाबाईंनी खुर्ची पुढे केली. भोयर बसला नाही.

"रुपराव, मी तुले एकच गोष्ट विचाराले आलो. तू इतका दगड कसा झाला गा?"

रुपराव उठून बसले. "काय झालं?"

"काय झालं म्हणून विचारते! सगळ्या नागपूरनं ऐकलं, तू नाही ऐकलं? तुही पोरगी रडून राहिली होती रेडिओवर."

मग भोयर खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. त्या स्टेशनने नागपुरातून होणारे कार्यक्रम बंद केले होते. आता सगळं बाहेरगावाहूनच येणार होतं. मागच्या गुरुवारी दामिनीचा शेवटचा दिवस होता. पावणेचारला तिने गाणं थांबवलं आणि बोलायला लागली.

"काय बोलली?" रुपरावांनी विचारलं.

"ते म्हणे, माझ्या बाबांनी सांगितलं होतं की घरात तुझा आवाज नको. सात वर्षांत माझा आवाज साऱ्या नागपूरच्या घराघरात गेला, त्या एका घरात तेवढा गेला नाही. बाबा, आज चारनंतर मी कुठंच ऐकू येणार नाही. तुम्ही ऐकत असाल तर एकदा फोन लावा. मी लाईन मोकळी ठेवते." भोयरने टॉवेलने तोंड पुसलं. "मग तिनं एक गाणं लावलं. ते संपलं तं म्हणे, अजून एक लावते. ते बी संपलं. मग म्हणे, चला, चार वाजले."

"मी लावला होता गा फोन," भोयर हळूच म्हणाला. "लागला बी. ते हॅलो म्हणाली. पण मी काय बोलू? मी तिचा बाप थोडीच आहे? ठेवून देल्ला."

"तू तिचं ऐकते?"

"रोज ऐकतो. पहिल्या दिवसापासून. रोशनचं लग्न झालं, त्याले दोन पोरं झाली, तो बी ऐकते. आमच्या मनात आता काही नाही रुपराव. मी त्याच दिवशी तुह्याकडे निघालो होतो. गल्लीच्या तोंडावरून वापस गेलो. आज आलो."

भोयर गेल्यावर तुळसाबाई आत गेल्या आणि आपला मोबाईल घेऊन आल्या. त्यात 'सरिताताई' या नावाने एक नंबर होता. "हा दामिनीचा आहे. तुमच्या तापात तिचा फोन आला होता, मी उचललाच नाही," त्या म्हणाल्या. सात वर्षं दर महिन्याला त्या सदरला डोळे तपासायला म्हणून जात होत्या, ते मुलीला भेटायला. "शेवटल्या भेटीत तिनं मले विचारलं होतं, आई, बाबा कधी ऐकतात का वं माझं? मी सांगतलं, नाई वं बाई, ते भजनं ऐकतात."

रुपरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी भजनं नव्हतो ऐकत," ते म्हणाले.

तुळसाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ लागला त्यांना समजायला. समजल्यावर त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. इतकंच म्हणाल्या, "एका शब्दानं सांगतलं असतं तं..." आणि वाक्य अर्धंच सोडून पन्ह्याचा पेला उचलून आत घेऊन गेल्या.

फोनवर काय बोलावं ते रुपरावांना सुचेना, म्हणून दुसऱ्या दिवशी ती तिथे भेटेल या आशेने ते अशक्त पायांनी त्या स्टेशनच्या ऑफिसात गेले. तुळसाबाई सोबत होत्या. वॉचमनने वर फोन केला आणि भैरवी नावाची एक मुलगी खाली आली. दामिनीसोबत काम करायची ती. रुपरावांनी आपलं नाव सांगितलं.

"काका, ती रविवारीच हैदराबादला गेली. तिथं कामाचं जमलं आहे तिचं."

"त्या दिवसाचं काही राहते का? ते बोलली ते... टेप वगैरे?"

"रेकॉर्डिंग हेड ऑफिसला असतं काका. बाहेरच्या कुणालाच देत नाहीत. मी विचारून पाहिलं होतं तिच्यासाठी. नाही दिलं." मग तिला राहवलं नाही. "फोन आला होता ना त्या दिवशी एक. कोणी बोललंच नाही. तिला वाटलं तुम्हीच होते. मला म्हणाली, आवाज ऐकून ठेवून दिला बाबांनी."

ते घरी परत आले. ओट्यावर बसून त्यांनी तुळसाबाईंना तो नंबर लावायला सांगितला. रिंग गेली. नवा मोबाईल त्यांनी उजव्या कानाशी धरला.

"हॅलो, आई?"

पाच वर्षं ऐकलेला आवाज. पण आता त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि ती सवय रुपरावांना नव्हती. ते नुसतेच ऐकत राहिले.

"आई? ऐकू येऊन राहिलं का?"

"मी आहो," ते म्हणाले. "बाबा."

पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता. ती कुठल्यातरी रस्त्यावर होती.

"मी पाच वर्षं रोज ऐकत होतो तुले. दोन ते चार. त्या दिवशी माह्याजवळ रेडिओ नव्हता. मोबाईल पाण्यात पडला होता. नव्यात रेडिओ लागतच नाही." ते घाईघाईने बोलत होते. "तो फोन भोयरचा होता. मी नव्हतो. मी ठेवला नाही तुहा फोन."

रुपरावांना वाटलं, लाईन कटली.

"कबुतराची अंडी," ते म्हणाले. "खिडकी पंधरा दिवस उघडी ठेवली होती तू. आणि तुले खोकला झाला होता."

मग ती रडू लागली. रडत रडत म्हणाली, "मले काय माहीत बाबा? मी तर रोज विचार करून बोलायची, की चुकून तुमच्या कानावर गेलं तर... पाच वर्षं. एक फोन नाही करता आला तुम्हाला?"

ते तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आता दर रविवारी सकाळी फोन होतो. हैदराबादला ती एका कंपनीत आहे. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकते. सांगण्यासारखं फार नसतं, असं म्हणते. दिवाळीला यायचं होतं, सुट्टी मिळाली नाही. रुपराव विचारतात, जेवली का. ती म्हणते हो, तुम्ही? औषध घेता ना? उन्हात जाऊ नका. ती चांगलं बोलते, मानाने बोलते, पण तोलून बोलते. रेडिओवरचं ते हसणं तिच्याकडून अजून एकदाही आलेलं नाही.

परवाच्या रविवारी त्यांनी धीर करून विचारलं, "त्या दिवशी गाणी कोणती लावली होती वं तू? ती दोन?"

"आठवत नाही बाबा," ती म्हणाली. "खरंच नाही आठवत. ठेवू का? बस आली."

"ठेव," रुपराव म्हणाले. तिने फोन ठेवल्यावरही मोबाईल कानाशी धरून ते काही वेळ तसेच ओट्यावर बसून राहिले.